व्हिस्कीचा पेला

व्हिस्कीचा पेला किंवा व्हिस्की ग्लास हे व्हिस्की पिण्यासाठी व तिचा गंध पारखण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा काचेचे पात्र होय. या नावाखाली एकच ठरावीक आकार येत नाही. जाड बुडाचा बुटका टंबलर, सोड्यासाठीचा उंच हायबॉल, ट्यूलिपच्या फुलासारखा वर निमुळता होत जाणारा गंधपरीक्षणाचा पेला आणि लहानसा शॉट ग्लास हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. घरगुती वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी पेला निवडताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात : व्हिस्की कशा पद्धतीने घेतली जाणार आहे, पेल्याची काच कोणत्या प्रकारची आहे आणि त्यात एका वेळी किती मद्य ओतले जाईल. यांपैकी पहिल्या गोष्टीची चर्चा सर्वाधिक होते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र उरलेल्या दोन अधिक महत्त्वाच्या आहेत.

## नाव व व्याप्ती

मराठीत ‘ग्लास’ हा शब्द काचेपुरता मर्यादित नाही. ‘स्टीलचा ग्लास’ किंवा ‘पितळी ग्लास’ असे शब्दप्रयोग रूढ असून ‘पेला’, ‘प्याला’ हे शब्दही त्याच अर्थाने वापरले जातात. व्हिस्कीच्या संदर्भात मात्र ग्लास म्हणजे काचेचाच पेला असे गृहीत धरले जाते.

बुटक्या, देठ नसलेल्या पेल्यास ‘टंबलर’ म्हणतात. इंग्रजीतील या शब्दाचा मूळ अर्थ कोलमडणारा असा आहे. पूर्वीच्या टंबलरचे बूड गोल किंवा टोकदार असे. त्यामुळे तो रिकामा केल्याखेरीज खाली ठेवता येत नसे. आजचा टंबलर याच्या नेमका उलट, म्हणजे सपाट आणि जड बुडाचा असतो.

## इतिहास

स्कॉटलंडमध्ये जवाच्या माल्टपासून मद्य गाळल्याची सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद १४९४ सालच्या राजकोशाच्या दप्तरात आढळते. त्या काळी सामान्य लोकांना काचेची भांडी परवडण्यासारखी नव्हती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘क्वेइख’ नावाचे, दोन्ही बाजूंना धरण्यासाठी कान असलेले उथळ पात्र वापरात होते. ‘पेला’ या अर्थाच्या ‘कुआख’ या गेलिक शब्दावरून हे नाव आले. आरंभी लाकडाचे असणारे हे पात्र पुढे चांदीचेही होऊ लागले. पाहुण्याच्या स्वागतासाठी ते दोन्ही हातांनी पुढे करण्याची आणि दोन्ही हातांनीच स्वीकारण्याची प्रथा होती. विवाहप्रसंगी व पारितोषिक म्हणून क्वेइख देण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये आजही आहे.

युरोपातील उत्तम काचकाम दीर्घकाळ व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर केंद्रित होते. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ साली स्फटिकासारख्या पारदर्शक काचेचे एकस्व मिळवले. त्याच्या सुरुवातीच्या काचेला कालांतराने सूक्ष्म तडे जात. मिश्रणात शिशाचे ऑक्साइड वापरून त्याने हा दोष दूर केला. शिसेयुक्त काच जड, चकचकीत आणि कोरण्यास मऊ असल्यामुळे कट ग्लास म्हणजे कोरीव काचेचा धंदा तिच्यावर उभा राहिला.

या धंद्याच्या वाढीत करांचाही वाटा होता. ब्रिटनमध्ये १७४५ साली काचेवर वजनानुसार कर बसवण्यात आल्याने तेथील कारागीर हलकी भांडी बनवू लागले. आयर्लंडला हा कर लागू नव्हता आणि १७८० साली तेथील काचेवरील व्यापारी निर्बंधही उठले. त्यामुळे जड, खोल कोरीव कामाची काच तेथे भरभराटीस आली. पेनरोज बंधूंनी १७८३ साली स्थापन केलेला वॉटरफर्डचा कारखाना याच काळातील होय. १८२५ साली कर आयर्लंडलाही लागू झाला. पुढे १८५१ साली हा कारखाना बंद पडला आणि १९४७ साली त्याच नावाने पुन्हा सुरू झाला. आज व्हिस्कीचा पेला म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा जड, पैलूदार टंबलर हा या परंपरेचा वारसा आहे.

अमेरिकेत १८२० च्या दशकात साच्यात दाबून काच घडवण्याचे तंत्र विकसित झाले आणि टंबलर स्वस्त झाला. मद्य, साखर, पाणी व बिटर्स म्हणजे कडू अर्क यांच्या मिश्रणाला ‘कॉकटेल’ म्हटल्याचा उल्लेख न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात १८०६ साली आढळतो. नवनवी मिश्रणे आल्यावर या जुन्या धर्तीच्या पेयाला ‘ओल्ड फॅशन्ड’ हे नाव पडले आणि ते ज्यात दिले जाई त्या पेल्यालाही तेच नाव चिकटले.

उंच पेल्याचा प्रसार सोड्यामुळे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या कीटकाने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. ब्रँडी दुर्मिळ झाल्यावर ब्रिटिश मद्यपींनी ब्रँडी-सोड्याऐवजी व्हिस्की-सोडा जवळ केला. ब्रिटिश अमलाखालील भारतातही ही पद्धत रुजली. ‘छोटा पेग’ हा शब्दप्रयोग त्याच काळापासूनचा आहे.

व्हिस्कीचे मिश्रण तयार करणारे तज्ज्ञ मात्र टंबलर न वापरता ‘कोपिता’ हा देठ असलेला लहान पेला वापरत. मुळात तो स्पेनमधील शेरी या मद्याचा पेला होय. याच धर्तीवर, परंतु देठाऐवजी आखूड जाड पाय असलेला ‘ग्लेनकेअर्न’ पेला २००१ साली बाजारात आला. स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइड येथील ग्लेनकेअर्न क्रिस्टल या संस्थेचे संस्थापक रेमंड डेव्हिडसन यांनी त्याची कल्पना मांडली आणि स्कॉच उद्योगातील मिश्रणतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिला अंतिम रूप देण्यात आले. या पेल्याला २००६ साली ब्रिटनमधील ‘क्वीन्स अवॉर्ड’ हा नवोन्मेषासाठीचा सन्मान मिळाला.

## काचेचे प्रकार

सोडा-चुना काच : रोजच्या वापरातील बहुतेक पेले, बाटल्या व खिडक्यांची तावदाने या काचेची असतात. तिच्यात सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका असून उरलेला भाग प्रामुख्याने सोडियम व कॅल्शियमच्या ऑक्साइडांचा असतो. ही काच स्वस्त व टणक असते आणि तिच्यातून मद्यात काही हानिकारक द्रव्य उतरत नाही. अचानक तापमानबदल मात्र तिला सोसत नाही.

शिसेयुक्त स्फटिककाच : ‘क्रिस्टल’ या नावाने विकली जाणारी पारंपरिक काच ही होय. रचनेच्या दृष्टीने ती खऱ्या अर्थाने स्फटिक नाही. तिची चकाकी शिशामुळे वाढलेल्या अपवर्तनांकातून येते. युरोपीय समुदायाच्या १९६९ सालच्या निर्देशानुसार शिशाच्या ऑक्साइडाचे प्रमाण किमान २४ टक्के असल्यास ‘लेड क्रिस्टल’ आणि किमान ३० टक्के असल्यास ‘फुल लेड क्रिस्टल’ असे नाव देता येते.

शिसेविरहित स्फटिककाच : हिच्यात शिशाऐवजी बेरियम, जस्त, पोटॅशियम किंवा टायटॅनियम यांची ऑक्साइडे वापरतात. पातळ कडा, चकाकी व मजबुती यांचा मेळ साधत असल्याने गंधपरीक्षणाचे अनेक आधुनिक पेले या काचेचे असतात.

बोरोसिलिकेट काच : जर्मनीतील ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित केलेल्या या काचेचे औष्णिक प्रसरण सोडा-चुना काचेच्या सुमारे एक तृतीयांश असते. ती गरम पाणी व बर्फ दोन्ही सोसते. वजनाला हलकी असल्याने पारंपरिक जड टंबलरची भावना तिच्यात येत नाही. दुपदरी पेले बहुधा याच काचेचे करतात; त्यांच्या बाहेरील पृष्ठभागावर दव साचत नाही.

काचेखेरीज स्टील, चांदी व प्लास्टिक यांचे पेलेही मिळतात. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि मद्याचे माप नजरेने कळत नाही. ॲक्रिलिकसारख्या काही प्लास्टिकांना मद्यार्काच्या सततच्या संपर्काने बारीक तडे जातात.

## शिसे व आरोग्य

शिसे हे विषारी मूलद्रव्य शरीरात साचत जाते आणि मज्जासंस्थेला, विशेषतः गर्भाला व लहान मुलांना, अपाय करते. त्याची पूर्णतः सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पिण्याच्या पाण्यासाठी संघटनेने सुचवलेली मर्यादा प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम इतकी आहे.

शिसेयुक्त काचेतील शिसे पेयात उतरते, हे जोसेफ ग्रॅझियानो व कॉनरॅड ब्लम यांनी १९९१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. शिसेयुक्त सुरईत काही महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिशाचे प्रमाण प्रतिलिटर हजारो मायक्रोग्रॅमपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. पेल्यात ओतलेल्या वाइनमध्येही मिनिटामिनिटाला अल्प वाढ होत होती. पेय जितका अधिक काळ काचेच्या संपर्कात राहील, तितके अधिक शिसे उतरते. पेय आम्लधर्मी असल्यास हा वेग वाढतो. म्हणून लिंबू किंवा फळांचा रस असलेली मिश्रणे अशा पेल्यात घेणे नुसत्या व्हिस्कीपेक्षा अधिक जोखमीचे असते.

यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. शिसेयुक्त सुरईत व्हिस्की साठवून ठेवू नये. समारंभापुरती ओतून घ्यावी व उरलेली मूळ बाटलीत परत भरावी. शिसेयुक्त पेल्यात तासाभरासाठी घेतलेल्या पेयाचा धोका साठवणुकीच्या तुलनेत बराच कमी असला, तरी असा पेला नित्य वापरासाठी ठेवू नये. मुलांना त्यात सरबत, दूध किंवा अन्य पेय देणे टाळावे. वारशाने आलेल्या किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या कोरीव पेल्यांवर प्रमाण लिहिलेले नसते. असे पेले शिसेयुक्त आहेत असे समजूनच वापरणे इष्ट ठरते. टिचकी मारल्यावर येणारा दीर्घ नाद व अपेक्षेपेक्षा अधिक वजन ही शिशाची लक्षणे मानली जातात, परंतु ती निर्णायक कसोटी नव्हे.

## आकार व गंध

ज्याला सामान्यतः चव म्हटले जाते त्यातील मोठा भाग वस्तुतः गंधाचा असतो. व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ४० टक्के किंवा त्याहून अधिक असते. पेल्याच्या तोंडाशी जमणाऱ्या मद्यार्काच्या वाफा नाकाला झोंबतात आणि फळे, धूर, व्हॅनिला किंवा लाकूड यांसारखे सौम्य गंध त्यांच्याखाली झाकले जातात. आवश्यक गंध एकवटावा, पण मद्यार्क नाकावर चढू नये, हा गंधपरीक्षणाच्या पेल्यांच्या रचनेमागील मुख्य प्रश्न आहे.

ट्यूलिप आकारात खालचे पोट रुंद असल्यामुळे द्रवाचा पृष्ठभाग मोठा राहतो व गंधद्रव्ये मोकळी होतात; वरचे अरुंद तोंड त्यांना एकत्र ठेवते. रुंद तोंडाच्या टंबलरमध्ये वाफा चटकन विरून जातात. गंध कमी जाणवतो, परंतु झोंबणेही कमी होते. अमेरिकेत विकसित झालेल्या ‘नीट’ या पेल्याची मान आवळलेली व कड बाहेरच्या बाजूस पसरलेली असते. मद्यार्काच्या वाफा कडेने बाहेर जाव्यात, असा त्यामागील हेतू आहे.

टोकियो मेडिकल अँड डेंटल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मद्यार्काच्या वाफा चित्ररूपात दाखवणारा कॅमेरा वापरून वाइनचे पेले तपासले. १३ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाइनवर, वाइनच्या पेल्यात मद्यार्काची दाट वाफ कडेलगत वलयाकार जमते व मध्यभागी ती विरळ राहते, असे त्यांना दिसले. सरळ पेल्यात तसे वलय आढळले नाही. हा प्रयोग वाइनवरचा असल्याने त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे व्हिस्कीला लावता येत नाहीत. आकारामुळे वाफांची मांडणी बदलते, एवढे मात्र त्यातून सिद्ध होते.

आकाराच्या प्रभावाबाबत अतिशयोक्त दावेही केले जातात. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू अशी ठरावीक क्षेत्रे असतात व विशिष्ट पेला द्रव नेमक्या क्षेत्रावर सोडतो, हा दावा विज्ञानाने नाकारलेला आहे. सर्व मूलभूत चवी जिभेच्या सर्व चवग्राही भागांत कळतात. पेला न दिसू देता व हाती न देता घेतलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वाइनच्या एका चाचणीत आकाराचा परिणाम सौम्यच आढळला. पेल्याचे वजन, स्पर्श व देखणेपणा यांचाही अनुभवात वाटा असतो, हे यातून सूचित होते.

पाणी मिसळण्याचा परिणाम पेल्याच्या परिणामाइतकाच लक्षणीय असू शकतो. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन व रान फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे ग्वायाकॉल या धुरकट गंधाच्या रेणूचा अभ्यास केला. मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ टक्क्यांच्या वर तो द्रवात खोलवर जातो, असे त्यांना दिसले. त्यामुळे पिंपातून थेट भरलेल्या तीव्र व्हिस्कीसाठी थोडे पाणी मिसळण्याइतकी जागा पेल्यात असणे उपयुक्त ठरते.

## प्रमुख प्रकार

पुढील आकडे पूर्ण भरलेल्या पेल्याच्या अंदाजे धारणक्षमतेचे असून उत्पादकानुसार त्यांत फरक पडतो.

| प्रकार | धारणक्षमता | मुख्य उपयोग |
|---|---|---|
| ओल्ड फॅशन्ड (टंबलर) | १८० ते ३०० मिली | बर्फासह किंवा थोड्या पाण्याबरोबर |
| दुहेरी ओल्ड फॅशन्ड | ३५० ते ४१० मिली | मोठा बर्फ, कॉकटेल |
| हायबॉल | २४० ते ३५० मिली | सोडा किंवा भरपूर पाणी |
| ग्लेनकेअर्न | १७० ते १९० मिली | नुसती व्हिस्की, गंधपरीक्षण |
| शॉट ग्लास | ३० ते ६० मिली | माप घेणे, एका घोटात पिणे |

कोपिताचा देठ हाताची ऊब पेयाला लागू देत नाही. परंतु तो नाजूक असल्याने घरगुती वापरात लवकर मोडतो. वाइनच्या परीक्षणासाठी १९७७ साली ‘आयएसओ ३५९१’ या आंतरराष्ट्रीय मानकात निश्चित केलेला सुमारे २१५ मिलीचा पेलाही व्हिस्कीसाठी चालतो. घरी वाइनचा लहान, आत वळलेल्या तोंडाचा पेला असल्यास गंधपरीक्षणाचा वेगळा संच विकत घेण्याची निकड राहत नाही.

जपानमध्ये व्हिस्की पाणी किंवा सोड्याबरोबर पिण्याची प्रथा प्रबळ असल्यामुळे तेथे उंच पातळ पेल्यांना व मोठ्या स्वच्छ बर्फाला महत्त्व आहे. ‘एदो किरिको’ या टोकियोच्या कोरीव काचेच्या परंपरेचा आरंभ १८३४ साली झाल्याचे मानले जाते. रंगीत थर कोरून आतील पारदर्शक काच उघडी करणे हे तिचे वैशिष्ट्य होय.

## पेला व माप

भारतात लहान पेग ३० मिली व मोठा पेग ६० मिली असे माप रूढ आहे. भारतीय व्हिस्कीत सामान्यतः आढळणारे मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असते. त्यानुसार एका लहान पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो.

घरी मापाविना ओतताना पेल्याचा व्यास मोठी गफलत घडवू शकतो. आतील व्यास ६ सेंमी असलेल्या सरळ पेल्यात ३० मिली द्रव सुमारे १.१ सेंमी उंचीपर्यंत येतो; ८ सेंमी व्यासाच्या पेल्यात त्याची उंची जेमतेम ०.६ सेंमी भरते. ‘दोन बोटे’ या लोकप्रिय मापाची उंची ३.५ सेंमी धरल्यास पहिल्या पेल्यात सुमारे १०० मिली, तर दुसऱ्यात सुमारे १७५ मिली मद्य मावते. म्हणजे रुंद पेल्यातील दोन बोटे हे जवळजवळ सहा लहान पेग होतात व त्यांत ५९ ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्यार्क असतो. माणसाची नजर रुंदीपेक्षा उंचीवर अधिक विसंबते. त्यामुळे बुटक्या पेल्यातील मद्य कमी भासते. मोठ्या बर्फाचाही असाच परिणाम होतो, कारण बर्फ घातल्यावर किती मद्य ओतले ते पातळीवरून कळत नाही. म्हणून पेल्यांच्या संचाबरोबर ३० व ६० मिलीच्या खुणा असलेले मापपात्र ठेवणे आणि बर्फ घालण्यापूर्वी माप घेणे उपयुक्त ठरते.

## घरगुती वापरासाठी निवड

पिण्याची पद्धत : नुसती किंवा थेंबभर पाण्याबरोबर घेतल्या जाणाऱ्या सिंगल माल्टसाठी ट्यूलिप आकार, बर्फासाठी टंबलर आणि सोड्यासाठी उंच पेला योग्य ठरतो. सोड्याच्या पेल्याचे तोंड अरुंद असल्यास बुडबुडे अधिक काळ टिकतात. एकच प्रकार घ्यायचा असल्यास सुमारे २५० ते ३०० मिलीचा साधा टंबलर बहुतेक गरजा भागवतो.

बर्फाचा आकार : ५ सेंमी बाजूच्या एका घनाकृती बर्फाचे पृष्ठफळ १५० चौ. सेंमी असते. तेवढ्याच घनफळाच्या २.५ सेंमीच्या आठ तुकड्यांचे पृष्ठफळ ३०० चौ. सेंमी, तर त्याच घनफळाच्या गोळ्याचे सुमारे १२१ चौ. सेंमी भरते. पृष्ठफळ कमी असल्यास बर्फ सावकाश वितळतो व मद्य सावकाश पातळ होते. मात्र ५ सेंमीच्या घनाचा कर्ण सुमारे ७.१ सेंमी असल्याने तो मावण्यासाठी पेल्याचा आतील व्यास त्याहून अधिक असावा लागतो.

कड : पातळ व गुळगुळीत कड ओठांना सुखद वाटते. जाड, गोलसर कड स्वस्त पेल्यांत आढळते. ती अधिक टिकाऊ असते. कडेवरून अलगद बोट फिरवल्यास खडबडीतपणा किंवा टवका लक्षात येतो. टवका उडालेला पेला वापरातून काढून टाकावा.

बूड व तोल : जड बुडामुळे पेला सहजी कलंडत नाही. ओल्ड फॅशन्ड मिश्रण करताना साखर व बिटर्स पेल्यातच घोटतात. त्या कामासही जाड बूड टिकते. बुडाच्या जाडीमुळे पेय अधिक काळ गार राहते ही समजूत मात्र फारशी बरोबर नाही, कारण खोलीच्या तापमानाचे जड बूड उलट बर्फाची थोडी गारवा खेचून घेते.

कोरीव काम : खोल नक्षीमुळे पकड चांगली बसते, परंतु व्हिस्कीचा रंग व पातळी नीट दिसत नाही. आतून साधा व बाहेरून कोरीव पेला धुण्यास सोपा असतो.

पुन्हा मिळण्याची शक्यता : काचेचे पेले फुटतातच. सतत उत्पादनात असलेल्या, सुटा मिळणाऱ्या नमुन्याचा संच घेतल्यास फुटलेल्या पेल्याची जागा भरून काढता येते.

## भेट म्हणून

विवाह, गृहप्रवेश, निवृत्ती व दिवाळी या प्रसंगी पेल्यांचे संच भेट दिले जातात. ते प्रायः दोन, चार किंवा सहा नगांचे असतात. एकट्या रसिकासाठी गंधपरीक्षणाच्या पेल्यांची जोडी, तर पाहुण्यांची ये-जा असलेल्या घरासाठी सहा टंबलर सोयीचे ठरतात. घेणाऱ्याची आवड ठाऊक नसल्यास साधा टंबलर उत्तम, कारण तो पाणी, सरबत किंवा कोकमसाठीही वापरता येतो. अशा बहुउपयोगामुळेच भेटीच्या संचावर ‘शिसेविरहित’ असा स्पष्ट उल्लेख असणे महत्त्वाचे ठरते; घेणाऱ्या घरात तो पेला मुलांच्या हाती जाणार नाही, याची खात्री देणाऱ्याला देता येत नाही.

पेल्यावर नाव किंवा तारीख कोरून घेता येते. लेझरने वा वाळूच्या फवाऱ्याने कोरलेली अक्षरे टिकतात; रंगाने छापलेली किंवा सोनेरी मुलाम्याची नक्षी धुण्याने उतरते. कोरीव पेला बदलून मिळत नसल्याने मजकूर व नग आधी तपासून घ्यावे लागतात. नामांकित कारखान्यांच्या पेल्यांवर बुडाशी कारखान्याची खूण कोरलेली असते. अस्सलपणा पडताळताना ती पाहिली जाते.

पेल्यांबरोबर बाटली देताना स्थानिक कायदा लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात व्हिस्कीसारखी तीव्र मद्ये पिण्यासाठी किमान वय २५ वर्षे असून परवानाही आवश्यक असतो. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे. मद्यपान सोडण्याच्या प्रयत्नात असलेल्या व्यक्तीला अशी भेट न देणेच योग्य मानले जाते.

## भारतातील स्थिती

उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे भारतातील काचकामाचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र आहे. बांगड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात पेले व अन्य काचसामानही मोठ्या प्रमाणावर तयार होते. ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषण रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर या पट्ट्यातील उद्योगांना कोळशाऐवजी नैसर्गिक वायूकडे वळावे लागले.

महाराष्ट्रात स्वदेशी काचेचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रेरणेने लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा या निधीला पाठिंबा होता. पुढे १९६२ साली मुंबईत स्थापन झालेल्या बोरोसिल या कंपनीमुळे बोरोसिलिकेट काच भारतीय स्वयंपाकघरांत परिचित झाली.

भारतात व्हिस्की प्रामुख्याने पाणी, सोडा व बर्फ यांच्यासह घेतली जाते. म्हणून घरोघरी टंबलर व उंच पेले अधिक दिसतात. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने २००४ साली ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट व्हिस्की सादर केली. त्यानंतर गोव्यात तयार होणाऱ्या पॉल जॉनसारख्या भारतीय सिंगल माल्टही बाजारात आल्या आणि त्यांच्याबरोबर ट्यूलिप आकाराच्या पेल्यांचा परिचय वाढला.

## निगा

नवा पेला वापरण्यापूर्वी धुवावा, कारण खोक्याचा वास काचेला लागलेला असतो. धुण्यासाठी कोमट पाणी व सौम्य, गंधहीन साबण पुरेसा होतो. सुवासिक साबणाचा अंश राहिल्यास व्हिस्कीचा गंध बिघडतो. बर्फाने गार झालेला पेला लगेच गरम पाण्याखाली धरल्यास तडकू शकतो. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग सौम्य व्हिनेगरने निघतात. शिसेयुक्त काचेवर मात्र आम्ल पदार्थ वापरू नयेत. कोरीव व शिसेयुक्त पेले भांडी धुण्याच्या यंत्रात घातल्यास कालांतराने निस्तेज होतात.

धुतलेला पेला धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने पुसावा. पुसताना बूड व कड विरुद्ध दिशांना पिळल्यास देठाचे पेले मोडतात. पेले एकात एक घालून ठेवू नयेत, कारण ते अडकून फुटतात. कपाटात ते सुलटे ठेवावेत; पालथे ठेवल्यास कपाटाचा कोंदट वास आत साठतो व नाजूक कडेवर भार येतो. वापरण्यापूर्वी रिकाम्या पेल्याचा वास घेऊन पाहणे, ही परीक्षकांची सवय घरगुती वापरातही उपयोगी पडते.

## हेही पहा

- काच
- स्कॉच व्हिस्की
- सिंगल माल्ट
- शिशाची विषबाधा
- पैसा फंड